रकाना नऊ

मिस्किटाबाई, फॉर्म चांगला आहे तुमचा.
कागद जाड, शाई फुटत नाही.
नाव लिहिलं : ज्योत्स्ना हरेश्वर तांडेल.
हुद्दा : अग्निशमन, नियंत्रण कक्ष, टेलिफोन.
सेवा एकोणीस वर्षं, निम्म्या रात्रपाळ्या.
रकाना नऊपाशी पेन अडलं.
'जखमी झालेला अवयव.'

घाई नाही, म्हणालात,
आणि डब्यातला अर्धा पाव पुढे केलात.

मी आगीजवळ गेलेच नाही कधी.
भायखळ्याला दुसऱ्या मजल्यावर, एसीत,
खांद्यावर शाल घेऊन बसणारी मी.
भाजले ते वेगळे.
सकपाळांची पाठ अजून ताणते थंडीत,
त्यांना पैसे मिळाले, मिळायलाच हवेत,
पाठ दाखवता येते.

माझ्यापर्यंत आला तो नुसता आवाज.
साकीनाका, गाळा चौदा, पोटमाळा,
खोट्या दागिन्यांचं पॅकिंग.
मी विचारलं जे विचारायचं असतं :
जवळची खूण? आत माणसं किती?
तो म्हणाला, पंक्चरवाल्याच्या समोर.
म्हणाला, मी एकटाच.
एक मांजर आहे, ते मोजायचं का?

गाडी निघालीय, म्हटलं मी.
निघाली होती हो, खरंच निघाली होती.
गल्लीच्या तोंडाशी टेम्पो उभा,
ड्रायव्हर कुठे जेवायला बसलेला.
दोन मिनिटं, म्हटलं मी.
परत म्हटलं, दोन मिनिटं.
रेकॉर्डिंगमध्ये सात वेळा आहे,
चौकशीत मोजलं त्यांनी, आणि शेरा दिला :
ऑपरेटरचे वर्तन नियमानुसार.

आधी मॅडम म्हणत होता,
पाचव्या मिनिटापासून मौसी.
मग तो थांबला.
फोन थांबला नाही.
आपण ठेवायचा नसतो, समोरच्यानं ठेवायचा असतो,
पहिल्याच दिवशी शिकवतात हे.
चार मिनिटं ऐकलं मी.
तिथे कुठेतरी एक पंखा चालू होता.

आमच्या स्वयंपाकघरातला पंखा मी लावत नाही आता.
बोंबील तळले की घरभर धूर,
लेक खोकते, खिडक्या उघडते,
विचारत काही नाही.

बोर्डाच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवलं,
कानांवर हेडफोन चढवला. (माझ्या, बाई. हेडफोन.)
टुक वाजलं की बटण दाबा.
दाबत गेले. खूश झाले ते,
या वयात एवढे तिखट कान!
मग एकदा म्हणाले, आत्ता काही वाजलं नव्हतं.
मी म्हटलं, वाजलं.
नव्हतं हो.
वाजलं.
कागदावर त्यांनी लिहिलं : श्रवण उत्तम.

तुमच्या टेबलाच्या काचेखाली ती यादी आहे,
बाजूला वेलंकनीच्या मातेचा फोटो.
अंगठा गेला : तीस टक्के.
त्याच्या शेजारचं बोट : चौदा.
ठार बहिरेपण : शंभर.
तुम्ही झेरॉक्सला गेलात तेव्हा
तीनदा वाचली मी, भाव बघावेत तशी.
बहिरी झाले असते तर पुरे शंभर.
ऐकू येतं, त्याचे काहीच नाहीत.

म्हणून लिहिलं शेवटी नऊमध्ये : कान.
तुम्ही चष्मा वर सरकवलात. कुठला?
डावा की उजवा, एकच लिहावा लागतो.

डाव्यात तो होता.
उजव्यात वायरलेस :
टेम्पो हटत नाही, ओव्हर.
टेम्पो हटत नाही.
आणि मध्ये मी होते, बाई,
याचं त्याला कळू न देणारी.

मधल्याला रकाना नाही, म्हणालात.
खरंच वाईट वाटलं तुम्हाला, दिसलं मला.
फाईल उचललीत, साहेबांना विचारून येते म्हणालात,
पदर सावरलात,
आणि दारातून वळून, अगदी मायेनं :
बसा हं.
दोन मिनिटं.